दांडी आडवी म्हणजे बंद

ऐंशीच्या दशकात मी आणि माझा थोरला भाऊ रत्नागिरीच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात फिटर होतो. तिथे पाण्याच्या रुंद पाइपांवर बटरफ्लाय व्हॉल्व्ह होते. आत एक गोल तबकडी, मधून दांडा, वर तो फिरवायची दांडी. पाव फेरा दिला की काम फत्ते. रुंद पाइपाला चाकाचा व्हॉल्व्ह म्हणजे फिरवता फिरवता जीव जातो, म्हणून बोटींवर, नळपाणी योजनेवर, सगळीकडे हाच. दांडी पाइपाच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. शेंबडं पोरही सांगेल.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. दादाचा त्यात भारी जीव. पान्यांबरोबर व्हॉल्व्हच्या दांड्याही काढून, घासून पाटावर मांडायचा. त्या वर्षीही मांडल्या, आणि पूजा झाल्यावर त्यानेच परत बसवून दांड्यांच्या टोकांना कुंकू लावलं. दांडीचं भोक चौकोनी, कशीही बसते. जमिनीखालच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद होता, पण दादाने दांडी रेषेत बसवली.

दसऱ्याची सुट्टी संपली. टाकी धुवायची म्हणून दादाने ती दांडी आडवी केली, म्हणजे स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडला. मग खाली उतरता उतरता पंपवाल्याला म्हणाला, "बंद केलाय, वरच्या टाकीसाठी चालव खुशाल."

मांडीएवढ्या पाइपातून पाणी सुटलं ते थेट त्याच्या छातीवर. मी व्हॉल्व्हकडे धावलो. दांडी आडवीच! मेलं काही कळेना. पंप बंद करा म्हणून ओरडलो. आम्ही उतरलो तेव्हा दादाचं डोकं भिंतीवर फुटलेलं होतं. श्वास नव्हता.

दांड्याच्या टोकाला एक खाच असते, तबकडीची खरी दिशा दाखवते. संध्याकाळी मी ती बघायला गेलो. खाच कुंकवाने बुजलेली होती. अंगठ्याने पुसली तेव्हा दिसली. असला संताप आला, त्या कुंकवाचा, दादाचा, देवाचासुद्धा.

मालक सांगत सुटला, दादा व्हॉल्व्ह बंद करायला विसरला. ते ऐकून वहिनी अन्नाला शिवेना. बाराव्यानंतर तिने मला विचारलंच, "ते खरंच विसरले होते का हो, भावोजी?"

"नाही वहिनी. बंद करायलाच गेला होता. दांडी चुकीची बसवलेली होती."

ती म्हणाली, "ज्याने बसवली, त्याचे हात झडोत."

त्या रात्री ती पोटभर जेवली.