पाच अक्षरांचा शब्द

परदेशातली माझी भाची दर रविवारी फोनवर शब्दांचा खेळ खेळायची. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई त्यासाठी रोज दुपारी डिक्शनरी घेऊन बसायची आणि पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द अर्थासकट वहीत उतरवायची.

एका रविवारी भाची म्हणाली, “आजी, के आणि एफ असलेला सांग.”

आई लगेच म्हणाली, “कनाइफ. म्हणजे सुरी.”

पलीकडे भाऊ-वहिनी हसले, भाची हसली, आईशेजारी बसलेली मीही हसले. शब्द बरोबर होता, हे कोणीच म्हणालं नाही. आम्हा शिकलेल्यांना दुसऱ्याची चूकच आधी ऐकू येते.

पुढच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा आई उठली. “तुम्ही बोला, माझी भाजी करपेल.”

मी स्वयंपाकघरात डोकावले. गॅस पेटवलेलाच नव्हता.