कोरियोची वही

काट्याच्या केबिनच्या जनेलातून एक पंजा बाहेर यायचा. नव्या ड्रायव्हरला वाटायचं, वजनासाठी थांबवतोय. तसं नसायचं.

"इंजिन बंद कर," आतून आवाज यायचा. "कोरिया लागलाय."

साखळी गावाजवळच्या खाणीवर मी ट्रक चालवत होतो आणि तो वजनकाट्यावर कारकून होता. मेजावर वजनाच्या चिठ्ठ्या, शेजारी रेडियो, रेडियोची तार जनेलातून बाहेर काढून फणसाला बांधलेली. सांजेच्या पाळीला त्यात उत्तर कोरियाची एक बाई इंग्रजीत बातम्या द्यायची. मागे भरलेल्या ट्रकांची रांग, सगळ्यांची इंजिनं बंद, आणि हा कान लावून बसलेला. लोक शिव्या द्यायचे. नाव मात्र सगळ्यांनी मिळून एकच ठेवलं, कोरियो. मीही इथे तेच लिहितो. खरं नाव सांगून आता त्याचं काही भलं व्हायचं नाही.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. गावात कामाचा, पण जीव भलतीकडे.

मी एकदा विचारलं, "तुझं कोण आहे रे तिथे?"

"कोणी नाही."

"मग कशाला कान फोडून घेतोस?"

"अरे, आख्खा देश दार लावून बसलाय. आत माणसं काय खातात, कोणाला भितात, हे कोणी तरी बघायला नको?"

"ती बाई सांगते की सगळं."

"ती सांगते ते सोड. काय सांगितलं नाही, ते ऐक."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याची वहीही तशीच. पानावर मधोमध रेघ. उजवीकडे 'म्हणाले', डावीकडे 'म्हणाले नाहीत'. पुढाऱ्याबरोबर शेत बघायला कोण कोण गेलं, त्यांची नावं उजवीकडे. कालपर्यंत यादीत असलेलं नाव आज नसलं, तर ते डावीकडे. गेल्या साली भात किती पिकलं ते आकड्यात सांगितलं आणि यंदा नुसतं 'भरघोस' म्हणाले, की डावीकडे 'आकडा नाही'. मला शिकवायचा, "खत वेळेवर पोचलं असं एकदा सांगितलं तर पोचलं असेल. तीन दिवस सांगितलं तर पोचलेलं नाही."

आणि एकदा म्हणाला, "तिथे कोणी आजारी पडत नाही बघ. मोठा माणूस धड असतो, धड असतो, आणि एक दिवस नाव घ्यायचंच बंद होतं."

त्याने त्या रेडियोला पत्र धाडलं होतं. तिकडून पुढाऱ्याच्या फोटोची मासिकं आली. पोस्टमनने ती गावभर दाखवून मग घरी पोचवली. आठ दिवसांनी एक हवालदार आला, चहा प्याला, म्हणाला, "तिथे तुमचे पाहुणे आहेत काय?"

"पाहुणे असते तर रेडियो कशाला लावला असता? त्यांनाच विचारलं असतं."

हवालदार एक मासिक वाचायला घेऊन गेला. परत दिलं नाही.

लग्न केलं नव्हतं त्याने. रविवारी आमच्याकडे जेवायचा. माझ्या बायकोने माशाचं हुमण वाढावं आणि त्याने तिला कोरियाची शेती सांगावी. ती ऐकायची. माझ्यासारखी जांभया द्यायची नाही.

"भाऊ, तिथल्या बायका चुलीत काय घालतात?"

"ते काही सांगत नाहीत, वहिनी."

"पाणी कुठून आणतात?"

"तेही नाही."

"मग तुझ्या रेडियोत अर्धा देश नाहीच की रे!"

त्याने घास खाली ठेवला, हात धुतला आणि वही काढून ते लिहून घेतलं. बायको पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी ओरडलो, "आधी जेवा!" मी घरात बोलत नसे, ओरडत असे. ट्रकवाल्याचा आवाज.

पुढे खाण बंद पडली. काटा गंजला. आम्ही दोघे घरी बसलो, पण रविवार चालूच राहिले.

चारेक वर्षांमागची गोष्ट. श्रावण अर्धा सरला होता. जेवून झाल्यावर तो माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि थांबला.

"वहिनी यंदा माटोळीचं काही बोलली नाही."

चवथीला गणपतीवर फळं, रानफुलं बांधतात ती माटोळी. माझी बायको दर साली श्रावण लागला की सुरू व्हायची. रानात हे पिकलं काय, ते कोण आणणार, गेल्या साली नारळांचा घड हलका होता. डोकं खायची.

"बोलेल," मी म्हणालो.

"तीन रविवार झाले. कळशी कमरेवर घेत नाही. वाढताना भिंतीला टेकते. साखळीला डॉक्टरकडे ने तिला."

"विचारलंय मी तिला. काय ना, काही नाही, म्हणाली."

"तेच म्हणतो मी. काय ना म्हणाली."

माझं डोकं फिरलं. "माझ्या घराचा कोरिया करू नकोस! माझ्या घरात सगळं बरं आहे. कळलं? सगळं बरं आहे! बायको माझी आहे, मला माहीत आहे, सगळं बरं आहे!"

त्याने फाटक उघडलं. मी म्हणालो, "परत इथे पाय ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही.

चवथ झाली. माटोळी शेजाऱ्यांनी बांधली. दिवाळीआधी बायको परसात पडली. मोठ्या इस्पितळात नेली. पोटात गाठ होती, पसरलेली. डॉक्टर म्हणाला, आधी आणायला हवी होती. मी खाटेशी जाऊन तिला विचारलं, "तुला दुखत होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"पावसाच्या आधीपासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती छपराकडे बघत म्हणाली, "तुम्ही आरडला असता."

चाळीस वर्षांच्या संसाराचं उत्तर तीन शब्दांत दिलं तिने. महिनाभरात गेली.

बाराव्याला कोरियो आला. दाराजवळच्या खुर्चीवर, आमच्या कदेलीवर, बसला. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर मी त्याचे पाय धरले असते, नाही तर मानगूट धरली असती. दोन्हींतलं काही तरी झालं असतं आणि मी मोकळा झालो असतो. तो म्हणाला नाही. भात खाल्ला, पान उचललं, गेला. दुसऱ्या दिवशी सांजेला रेडियो घेऊन परत आला. मग रोज. माझ्या आंब्याला तार बांधली. बातम्या झाल्या की मला मराठीत सांगायचा. मी हं म्हणायचो.

तीन वर्षं समोरासमोर बसलो आम्ही. 'तू बरोबर होतास' एवढंच म्हणायचं होतं मला. रोज सकाळी ठरवायचो. सांजेला म्हणायचो, "चहा घेतोस?"

गेल्या फाल्गुनात तो गेला. सकाळी पाववाला पोदेर आला, हाका मारल्या, दार उघडलं नाही. त्याचा धारगळ गावचा पुतण्या सामान न्यायला आला होता. त्याने वह्यांचा गठ्ठा आणि रेडियो माझ्या दारात ठेवला. "काका म्हणायचे, हे तुम्हाला कळतं."

मी चौथी शिकलेला. अक्षर लावून लावून वाचतो. तो रविवार शोधायला मला चार दिवस लागले. कोरियाच्या बातमीखाली आडवी रेघ होती आणि रेघेखाली आमचं घर.

उजवीकडे: 'वहिनी: काय ना.' डावीकडे: 'माटोळी नाही. कळशी नाही. दुखतं.'

त्याखाली मी. उजवीकडे: 'घरात सगळं बरं आहे. तीनदा.' डावीकडे दोनच शब्द: 'घाबरला आहे.'

मी वही मिटली. म्हणजे त्याला ते फाटकाशीच ऐकू आलं होतं. मला माझं ऐकू आलं नव्हतं.

आता सांजेला फाटकाजवळ कदेल टाकून मीच रेडियो लावतो. ती बाई बोलते. मला एक अक्षर कळत नाही, पण बसतो. रस्त्याने गाडी आली की माझा पंजा आपोआप वर जातो. गाडीवाल्याला वाटतं, म्हातारा गाडीत बसायला मागतोय. बिचारा थांबतो, इंजिन बंद करतो, मान बाहेर काढतो.

"खंय वचपाचें, आजोबा?"

"कुठे नाही," मी म्हणतो. "जा तू."