फौजदारीण आणि घरोघरचे नळ

आमच्या गल्लीतल्या फौजदारणीने आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले आणि लोकांचे नवरे बडवले. दोन्ही कामांना तिच्याकडे एकच लाकडी धोपटणं होतं. पोलीस खात्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. नाव आम्हीच पाडलेलं.

गल्लीच्या टोकाला धुण्याचा सामाईक हौद होता. सकाळी एखादी हौदावर दिसली नाही, की फौजदारीण हातातलं काम टाकून तिच्या दारात जायची, मागून आम्ही ओल्या हातांनी. बाई मार खाऊन पडलेली असली, तर नवऱ्याची धडगत नसे. एकाचं मनगट मोडताना मी पाहिलंय आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग परदेशी मदतीतून घरोघरी नळ आले. आमच्यात वर्षभर बसून आमचं जगणं अभ्यासणारी मुलगी मदतवाल्या साहेबांशी भांडली, "हौद पाडू नका. इथे बायका एकमेकींवर नजर ठेवतात."

साहेब म्हणाले, "बायकांचे कष्ट वाचतायत. बदल म्हणतात तो हाच."

मला साहेबांचंच पटलं. त्या मुलीची कंबर कुठे दुखत होती?

हौद पाडला. कोण दिसलं, कोण नाही, कळेनासं झालं. फौजदारणीची भाची गल्लीतच दिलेली. ती बरेच दिवस दिसली नाही. घरीच धूत असेल, असं मावशीलाही वाटलं. वास सुटला तेव्हा दार फोडलं. नवऱ्याने तिचं डोकं नळावर आपटून फोडलं होतं आणि तो पळाला होता.

दुसऱ्या दिवशी फौजदारीण घण घेऊन दिसेल तो नळ फोडत सुटली. शेजारीण आडवी आली, तर तिला भिंतीवर ढकललं. तिचं कपाळ फुटलं. मी माझ्या दारात उभी राहिले.

"माझा नळ फोडायचा नाही. मारायचं तर मला मार."

घण वर गेला. मग तिने तो खाली टाकला.

"मग रोज सकाळी मला तोंड दाखवायचं. समजलं?"

तेव्हापासून ती धोपटण्याने दारं बडवत फिरते. बाई स्वतः बाहेर आल्याशिवाय हलत नाही. परवा मला ताप होता. नवरा दारात जाऊन म्हणाला, "झोपलीये ती." एवढं म्हणेपर्यंत धोपटणं तोंडावर बसलं, पुढचे दात गेले.

मी धडपडत बाहेर आले. "अगं बाई, खरंच झोपले होते!"

तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, कपाळ, गाल, मान सगळं चाचपलं आणि भाचीच्या नावाने हंबरडा फोडला.