समोरची रिकामी खुर्ची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अपंग मुलांचं एक केंद्र आहे. दुपारी दोन तास तिथं मुलं सांभाळतात, आयांना जरा विसावा मिळावा म्हणून. काल त्याच दारातून निघून एक बाई समोरच्या हॉटेलात माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. तिनं मागवलेली इडली आली. ती तिनं सांबारात पार मऊ कुस्करली, कढीपत्ता वेचून काढला, चमच्यावर फुंकर घातली आणि चमचा समोर धरला. समोर रिकामी खुर्ची होती.

मी बघतेय हे पाहून ती ओशाळली. "हाताला सवय झालीय," म्हणाली.

"मुलगा तिकडं आहे ना? मग तुम्ही निवांत खा की."

"मी दमते म्हणून नाही ठेवत त्याला. दुसऱ्याच्या हातचं खायला शिकला पाहिजे. माझ्यानंतर लागेल ते."

आपण या दोन तासांना विसावा म्हणतो, आणि ही रोज दुपारी स्वतःच्या नसण्याची तालीम करत बसलेली असते. त्या खुर्चीकडे मला बघवेना. उद्या कधीतरी या बाजूची खुर्ची रिकामी असेल, आणि चमचा धरणारा हात कुणाचा असेल, कोण जाणे.

तेवढ्यात केंद्रातल्या बाई हॉटेलच्या दारात आल्या. "ताई, आज सगळं जेवला हं. तुमची आठवणसुद्धा काढली नाही."

"बरं झालं," ती हसून म्हणाली. मग ती कुस्करलेली इडली स्वतःच खाऊ लागली, प्रत्येक चमच्यावर फुंकर घालत. इडली केव्हाच गार झाली होती.