पाठीत गेलेला कागद

माणसाने हवं तर एकट्याने विहीर खणावी, पण चार मोठ्या माणसांना दर रविवारी दुपारी तीन वाजता एका टेबलाशी बसवायचं कधी मनावर घेऊ नये. बाइंडरबाईंनी ते घेतलं होतं आणि तीन वर्षं त्या स्वतःच्याच नावाने बोटं मोडत होत्या. शेजारचे निवृत्त चित्रकला मास्तर अर्धा तास आधी यायचे आणि खुर्चीत पेंगायचे. भावजय औषधांच्या दुकानातून सुटून यायची साडेतीनला. धाकटा भाऊ मात्र तीनच्या ठोक्याला हजर. पण आल्यावर "आलो" एवढंसुद्धा म्हणायचा नाही.

खेळ असा की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. "पूल मोडलाय, काय करता?" असं सांगणाऱ्याने विचारायचं. ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं, आणि जमेल की फसेल अशी शंका आली की फासा टाकायचा. दुकानात याची पेटी मिळते. आत वीस बाजूंचे फासे, रंगवलेली बोटभर माणसं, गुळगुळीत नकाशे. बाईंनी पेटीवरची किंमत वाचली आणि पेटी जिथल्या तिथे ठेवली. "एवढ्यात मी खरा राक्षस पाळीन," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

नियम फुकट मिळाले. कुणा भल्या माणसाने सोळा पानांत लिहून नेटवर ठेवले होते, भावजयीने ते छापून आणले. बाकी सगळं बाईंच्या बाइंडिंगच्या दुकानातून निघालं. आखणी चुकलेल्या कागदांवर आयते चौकोन होते, त्यांचे नकाशे झाले. पानांवर आकडे मारायचं जुनं मशीन होतं, त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एक ते वीस आकडे मारले, ते बटणांच्या डब्यात टाकले, आणि फाशाऐवजी चिठ्ठी काढायची पद्धत पडली. माणसं म्हणून दोऱ्याची रिकामी रिळं. राक्षस म्हणून एका बंद पडलेल्या ऑफिसचे रबरी शिक्के. त्यातला सगळ्यांत भयंकर राक्षस म्हणजे 'नामंजूर'. त्याच्यापुढे मास्तरसुद्धा जागे व्हायचे. सांगणाऱ्याचे कागद बाकीच्यांना दिसू नयेत म्हणून बाईंनी दोन पुठ्ठे कापडाने जोडून उभा आडोसा केला होता. नुसतं कव्हर, आत वहीच नाही. फुकटात एवढं राज्य उभं राहिलं होतं, पण वेळेवर येणारी माणसं काही रद्दीत मिळत नाहीत.

हा सगळा उपद्व्याप भावाला त्या टेबलाशी आणण्यासाठी होता.

चार वर्षांपूर्वी आई गेली. रविवारी ती बेशुद्ध पडली. भाऊ तेव्हा लिफ्ट बसवायच्या कामाला दोन दिवसांच्या वाटेवर होता, भावजय माहेरी. उठेल आई, उगाच त्याला कशाला घाबरवा, असं म्हणत बाईंनी फोन केला तो मंगळवारी संध्याकाळी. आई बुधवारी गेली. भाऊ गुरुवारी पोहोचला. दारात अख्खं गणगोत उभं होतं, सगळ्यांच्या तोंडी एकच, मुलाला कळवलं नव्हतं का? आणि बाई बोलून बसल्या, "रविवारीच कळवलं होतं. आईपेक्षा लिफ्ट मोठी झाली का रे तुझी?"

भावाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पायातले बूट काढायला खाली वाकला. तेव्हापासून त्याचं त्यांच्याशी बोलणं संपलं. ताई ही हाकही संपली. नातेवाइकांनी त्याला जे काय ऐकवायचं ते वर्षभर ऐकवलं, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. शेवटी भावजयीनेच हा खेळ शोधला. "एका खोलीत बसा तरी," ती म्हणाली. "एकमेकांशी बोलू नका हवं तर."

तर खेळात भाऊ बोलायला लागला. बाईंशी नव्हे, बाईंच्या गोष्टीतल्या माणसांशी. खाणावळवाल्याशी त्याने घासाघीस केली, नावाड्याची थट्टा केली, एका बहिऱ्या राजाला तर इतका छळला की बाईंना हसू आवरेना. सहाला खेळ संपला की पुन्हा कुलूप. भिंतीशी बोलावं तर भिंत निदान तोंड तरी फिरवत नाही! बाईंना कितीदा वाटलं की हा सगळा डबा त्याच्या डोक्यात घालावा.

आणि आता त्याची बदली झाली होती. महिनाअखेरीला दोघं नवरा-बायको दूरच्या शहरात राहायला जाणार होते. हा रविवार शेवटचा.

बाईंनी शेवट बांधून ठेवला होता. भावाचं गोष्टीतलं माणूस म्हणजे वाटाड्या. पुराची खबर घेऊन गावात उशिरा पोहोचला म्हणून गावाने त्याला हाकललेलं. खरं तर बुरुजावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने इशाऱ्याचा जाळच दोन दिवस उशिरा पेटवला होता. शेवटच्या रविवारी वाटाड्या बुरुजावर चढणार आणि म्हातारा कबुली देणार. त्या चौदा ओळी बाईंनी अकरा वेळा लिहिल्या होत्या. रागाचे शब्द त्यांना तोंडपाठ होते; बाकीचे लिहून घ्यावे लागत. म्हाताऱ्याच्या आडून का होईना, भावाची माफी मागायची होती. तो कागद वाचायचा, एवढंच त्यांना करायचं होतं.

शुक्रवारी सरकारी ऑफिसातून निरोप आला की बारा रजिस्टरं आजच्या आज पाहिजेत. शिवलेल्या वहीच्या पाठीला खळ लावून त्यावर कागदाची पट्टी चिकटवतात, मग वरून पुठ्ठा चढतो. ती पट्टी कुणाला कधी दिसत नाही, म्हणून ती रद्दीतूनच कापायची रीत. बाईंनी हाताला आले ते कागद ओढले, पट्ट्या कापल्या, खळ मारली आणि बारा रजिस्टरं रवाना केली.

शनिवारी सकाळी टेबलावर चौदा ओळींचा कागद नव्हता. बाईंनी रद्दी उपसली, आडोसा उलटापालटा केला, खळीच्या डब्याखालीसुद्धा बघितलं. शेवटी कटिंग मशीनच्या पायाशी एक बोटभर तुकडा सापडला. अक्षर त्यांचंच. त्यावर 'उशीर तू नाही, मी' एवढंच होतं आणि पुढे कापलेलं.

"अगं बाई!" त्या तुकडा हातात घेऊन तिथेच बसल्या. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला उभा फाडला असता. पण हे स्वतःच्याच हातांनी केलेलं होतं, शिव्या तरी कुणाला घालायच्या? तशाच उठल्या, चपला सरकवल्या आणि ऑफिस गाठलं.

"पाठ उघडायची?" कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "कशाची?"

"रजिस्टरांची. माझा एक कागद आत गेलाय."

"महत्त्वाचा?"

"घरचा आहे."

"बाई, पानं मोजली, शिक्के बसले, साहेबांची सही झाली. आता नुसती टाचणी टोचली तरी मला लेखी खुलासा द्यावा लागेल."

"मी दुसरी बारा बांधून देते. फुकट."

"आणि या बारांचं काय करू? ही रद्द करायची तर अर्ज आला, त्यावर शेरा आला..."

"किती दिवस?"

कारकुनाने खरंच हिशोब केला. "मी रिटायर व्हायच्या आत होईल बहुतेक."

वर त्याने एक रजिस्टर उचललं, कव्हर धरून हलवलं आणि मान डोलावली. "काम मात्र चोख हं तुमचं. वीस वर्षं ही पाठ सुटायची नाही." आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना कौतुकाचा संताप आला. एरवी काम परत घेऊन भांडायला येणारी गिऱ्हाइकं, आणि नेमकं आज मेलं चोख झालं!

रात्रभर आठवूनही त्या चौदा ओळी परत आल्या नाहीत. रविवारी सकाळी त्या पुन्हा लिहायला बसल्या. पहिली ओळ खोटी वाटली, दुसरी रडकी. तीन वाजेपर्यंत कागदावर 'मी' हे एकच अक्षर टिकलं होतं.

तीनला भाऊ आला. मास्तर पेंगत होते. साडेतीनला भावजय धापा टाकत आली, "ताई, सॉरी हं, एकाला खोकल्याचं औषध बदलूनच पाहिजे होतं." म्हणजे शेवटच्या दिवशीही अर्धा तास खोकल्यात गेला. बाईंनी दात-ओठ खात आडोसा उभा केला आणि गोष्ट सुरू केली.

पाचच्या सुमाराला वाटाड्याचं रीळ बुरुजावर पोहोचलं. बाईंनी म्हाताऱ्याचं रीळ समोर ठेवलं.

भाऊ पुढे झुकला. "आजोबा, जाळ कधी पेटवलात?"

आडोशामागे कोरा कागद होता. "वारा फार होता रे," म्हातारा म्हणाला. "लाकडं ओली होती. मला वाटलं, पाणी ओसरेल आपोआप. उगाच लोकांना कशाला घाबरवा..."

"म्हणजे वेळेवरच पेटवलात?"

बाईंनी म्हाताऱ्याचं रीळ जरा मागे सरकवलं. "प्रयत्न तर केला," म्हातारा पुटपुटला.

माणूस खोटं बोलतंय अशी शंका आली तरी चिठ्ठीच काढायची, बाराच्या वर आकडा आला की खोटं उघडं पडतं, असा त्यांचा नियम होता. भावाने डब्यात हात घातला. एक तुकडा मुठीत धरून हात बाहेर काढला.

"उघड, उघड," मास्तर जागे होऊन म्हणाले.

"थांब," बाई म्हणाल्या. "फोन मी मंगळवारी केला."

"फोन?" मास्तर चक्रावले. "बुरुजावर फोन कुठला आला?"

"मास्तर, जरा गप्प बसा," भावजय म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"आई रविवारी पडली. मी दोन दिवस कुणाला कळवलं नाही, आणि दारात सगळ्यांसमोर सांगितलं की रविवारी कळवलं." बाईंनी आडोसा हाताने आडवा केला, आता त्यामागे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "उशीर तू केला नाहीस. मी केला. मला लाज वाटली, मग भीती वाटली, आणि मग चार वर्षं झाली."

भाऊ मूठ न उघडता बसून होता. "हे म्हातारा बोलतोय का?"

"म्हाताऱ्याला काय करायचंय आपल्या आईशी!" बाई कडाडल्या. "मी बोलतेय! छान लिहून ठेवलं होतं, ते त्या मेल्या रजिस्टरात चिकटलं, म्हणून हे असं वाकडंतिकडं बोलतेय. चुकले मी. ऐकलंस?"

भावजय नवऱ्याकडे वळली. "म्हणजे तू उशीर केलाच नव्हतास? अरे, मी पण तेच धरून चालले होते. मला तरी सांगायचंस!"

"काय सांगणार?" तो खाली बघत म्हणाला. "सगळे टपून होते. मी तोंड उघडलं असतं तर हिला फाडून खाल्लं असतं. आईजवळ ती एकटीच होती. तीन दिवस झोपली नव्हती."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि त्याबरोबर रागही उसळला. "कुणी सांगितला होता रे तुला हा मोठेपणा? चार वर्षं! टिल्ल्या, एकदा भांडला असतास तर काय झालं असतं?"

टिल्लू हे त्याचं लहानपणीचं नाव. बेचाळीस वर्षांचा लिफ्टवाला ते ऐकून कानापर्यंत लाल झाला.

"भांडणारच होतो," तो म्हणाला. "पण तू खाणावळवाल्याच्या आवाजात बोलायला लागलीस की मला हसूच यायचं."

मास्तरांना अजून नीट उमगलं नव्हतं. त्यांनी भावाच्या मुठीकडे बोट दाखवलं. "अहो, पण आकडा काय आला?"

भावाने तुकडा न बघताच डब्यात टाकला आणि डबा बंद केला. मग वाटाड्याचं रीळ उचलून म्हाताऱ्याच्या रिळाला लागून ठेवलं.

"पुढे सांग, ताई," तो म्हणाला.