आईच्या गळ्याची शपथ

ईट नावाच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा बऱ्याच घरी खव्याच्या भट्ट्या होत्या. आमचीही होती. आई पहाटंच म्हशीचं दूध कढईत ओतून हलवायला बसायची, आणि शाळेत जायच्या आधी कढईच्या बुडाची खरवड मला मिळायची. तसली चव पुढं कुठल्याच पेढ्यात सापडली नाही. आता तिथं मशीन आलंय. येऊ दे बापडं.

नुसत्या खरवडीवर माझं भागायचं नाही. तिसरीत असताना बाजारासाठी ठेवलेल्या खव्यातला चांगला मूठभर गोळा मी हाणला. आईनं विचारलं, तर स्वतःच्या गळ्याचं कातडं चिमटीत धरून मी म्हणाले, "तुझ्या गळ्याशपथ, म्या न्हाय खाल्ला." आईला पटलं. मार मांजरानं खाल्ला.

आता, खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली ते माणूस मरतं, आणि त्यानंच 'सुटली' म्हटलं तर वाचतं, हे आमच्या शाळेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मीही दोन दिवस घाबरले, मग विसरले.

दिवाळीनंतर आईला बार्शीच्या दवाखान्यात नेलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मी दिसले की काकू आणि वडील गप्प व्हायचे. विचारलं तर काकू म्हणायची, मोठ्यांच्यात नाक खुपसू नको. एकदा दाराआडून 'तसला आजार' एवढंच कानावर आलं. आणि मग आई परत आली ती गळ्याला पांढरी पट्टी बांधून.

माझी गाळणच उडाली. बरोब्बर गळ्यालाच पट्टी. मी तिच्याजवळ जाईना, धड जेवीना. घरातले म्हणायचे, पोरगी दगड आहे, आईला बघून रडलीसुद्धा नाही. अजून ते आठवलं की मस्तक फिरतं माझं. आठ वर्षांच्या पोरीला वाटतंय आपण आईला मारतोय, आणि हे शहाणे तिला दगड म्हणतात.

शेवटी एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी तिच्या खाटेशी गेले आणि म्हणाले, "आई, सुटली म्हण." तिला काही उमगेना. मग मी खवा, शपथ, मांजर, सगळं सांगून टाकलं.

ती हसली नाही. मला जवळ ओढून घेतलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "मला कॅन्सर झालाय. गळ्यात गाठ व्हती, ती काढली. शपथेनं व्हत नसतो त्यो. तुझ्यामुळं तर न्हायच न्हाय."

कॅन्सर हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला. मी विचारलं, तू मरणार का.

"म्हाईत न्हाय गं बाय. औषध चालू हाय. जे कळंल ते तुला सांगंन."

त्या दिवशी मी तिच्याच ताटात पोटभर जेवले.

आई पुढं नऊ वर्षं जगली. आजार उलटला तेव्हा मी कॉलेजात होते. गाठ कुठं आलीय, गोळी कुठली, डॉक्टर काय म्हणाले, सगळं मला माहीत असायचं. काकू तेव्हाही म्हणायची, पोरीला कशाला सांगता. आईनं तिचं ऐकलं नाही. आई गेली तेव्हा मी लई रडले. ती गेली म्हणून रडले. दुसरं कसलंच ओझं माझ्या मनावर नव्हतं.