तुडुमावरची बाई

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भुताची गोष्ट सांगणाऱ्याला ‘पुरावा दाखव’ म्हणून गप्प करणारा माणूस मी… आणि आता हे लिहायला बसलोय.

ग्रुपवर बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. आमच्या गावच्या तलावावर स्वस्तात शूट झालेला तो भयपट तुम्ही दहा-दहादा बघता, त्यातली बाई म्हणजे माझी फुलाआत्या, बाबांची मोठी बहीण. तुडूम – तलावाचं पाणी शेताला सोडायची दगडी वाट – उघडायला ती पाण्यात उतरली आणि बुडाली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. घरात याहून जास्त कोणी बोलत नसे. डायरेक्टर माझा मित्र, म्हणून मी आत्याची ऐकीव माहिती त्याला वहीत लिहून दिली… लुगडं, कपाळावरचं गोंदण, चालण्याची ढब. भूमिका झाडीपट्टी नाटकातल्या निर्मलाबाईंनी केली.

बाबांना विचारावं, हे मला सुचलंच नाही. सिनेमा आल्यावर ते एवढंच म्हणाले, “माह्या बहिणीले भूत बनवून टाकलंस तू.” त्यानंतर आठ महिने अबोला. एका घरात राहून बापाने न बोलणं फार लागतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फुलचूर गावच्या घरी, भर दुपारी, माझी मुलगी मोबाईलवर तोच सीन बघत होती. बाई पाण्यात उतरता उतरता मागे वळून म्हणते, “लहान्या, तू नको उतरू. मी जातो.”

खाटेवर पडलेले बाबा उठून बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हे कोणं सांगतलं तुले?”

मी निर्मलाबाईंना फोन लावला. “सर, मले वाटलं तुमच्याच वहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तोंडातून निंगून गेलं.” डायरेक्टरलाही तसंच वाटलं होतं. मी वही काढली. तीन पानं, माझंच अक्षर. ते वाक्य कुठेच नव्हतं.

बाबांनी वही मांडीवर घेतली, तिन्ही पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, “उतराची बारी माही होती. मले भेव लागून राहिला होता, म्हणून ते गेली. कोणाले सांगतलं नाही आजवर.”

वही मिटून म्हणाले, “तलावावर आमी दोघंच होतो.”

मी अजूनही पुरावा मागणाराच आहे. बाबा माझ्याशी बोलतात आता. रोज दुपारी नातीला म्हणतात, “लाव बरं ते.” तेवढं एक वाक्य ऐकतात आणि मोबाईल परत देतात.